एसए६१२ शिवायचा ४० मीटर रिसीव्हर, काही महिने वापरल्यावर

४० मीटरचा (हॅमचा ७ मेगाहर्ट्झचा बँड) डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर, म्हणजे रेडिओ सिग्नल थेट ऑडिओत उतरवणारा, करायचा होता, सर्किट जुनं, त्यात मिक्सरला (दोन फ्रिक्वेन्सी मिसळणारा भाग) एसए६१२ हा आयसी, ज्यात ऑसिलेटरही असतो, आणि तो काही मिळेना. जे स्वस्तात मिळाले त्यांचं मार्किंग घासून नव्याने छापलेलं, एकाचा तर ऑसिलेटरच सुरू होत नव्हता. मग नाद सोडला आणि चार १एन४१४८ डायोड न् दोन एफटी३७-४३ टोरॉइडवर (फेराइटच्या कड्या) डायोड रिंग मिक्सर केला.

अंधार पडल्यावर हा ६१२ पेक्षा सरळ सरळ चांगला वाटतो. ७.२ मेगाहर्ट्झच्या वर दणकट ब्रॉडकास्ट स्टेशनं असतात, ६१२ ला ती झेपत नाहीत, कुणी हॅम एसएसबीवर (सिंगल साइडबँड) बोलत असताना मागे भलतंच गाणं वाजत राहतं. रिंगमध्ये ते जवळपास गेलंच. पण फुकट नाही हां, ६१२ सिग्नल १७-१८ डीबी वाढवून देतो आणि रिंग उलट ६-७ डीबी खाते, म्हणजे पंचवीसेक डीबी ऑडिओ प्रीअँपने भरून काढायचे आणि तोही कमी नॉइजवाला पाहिजे. वर एलओ (लोकल ऑसिलेटरचा सिग्नल) ७ डीबीएम, म्हणजे एक मिलीवॅटच्या ७ डीबी वर, लागतो. एसआय५३५१ हा क्लॉक आयसी त्याच्या ८ मिलीअँपिअर सेटिंगला साधारण १० देतो, मध्ये ३ डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारे रेझिस्टर) टाकला की झालं.

डायोड मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर जुळवून घ्या, पण बोटात धरून मोजू नका, एका डिग्रीला २ मिलीव्होल्ट सरकतात आणि मग सगळं जुळवणं वाया. ब्रेडबोर्डवर टोचून, थोडं थांबून रीडिंग घ्यायचं.

आरएफ अँपला (अँटेनाचा सिग्नल वाढवणारा) लांब पायांचा जे३१० फेट शोधत बसलो नाही, एसएमडी एमएमबीएफजे३१० घेतला न् छोट्या अडॅप्टर बोर्डवर बसवला, काम तेच. (भिंग लागतंच, वय काही का असेना.) टी५०-६ टोरॉइड नव्हता तिथे लाल टी५०-२, वेढे दहा टक्के कमी, तापमानाने होणारा ड्रिफ्ट थोडा जास्त, पण बँडपास फिल्टरला काय फरक पडतो!

आता खरा ६१२ हाताला लागला तरी या सेटमध्ये टाकणार नाही. बॅटरीवरचा छोटा सेट असेल तर मात्र नक्की टाकेन, कारण तो अडीच मिलीअँपिअरच्या आत भागवतो आणि इथे नुसता एलओच त्याच्या कितीतरी पट खातो.