५० अंड्यांचं उबवणी यंत्र: आठ महिने वापरून झाल्यावर

चिपळूणजवळ आमच्या परसात २२ गावठी कोंबड्या आहेत. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते नि खुडूक होते. मग २१ दिवस रवणीवर, म्हणजे अंडी उबवत बसणार, पुढे दीड-दोन महिने पिल्लं मागे घेऊन फिरणार, तोवर अंडी बंद. पिल्लं हवीत तर अंड्यांवर पाणी सोडा, हे परवडेना म्हणून ऑक्टोबरात साडेसहा हजारांना हे यंत्र घेतलं. थर्माकोलची पेटी, झाकणात पंखा, अंडी आपोआप फिरवणारा ट्रे. शेजारच्या गावात वेगळ्या नावाखाली हुबेहूब अशीच दोन यंत्रं पाहिली, म्हणून नाव लिहीत नाही.

पहिली खेप फसली. ४२ अंडी ठेवली, पिल्लं ११. पडद्यावर सतत ३७.५ अंश दिसायचे, त्यामुळे मी निर्धास्त. एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला, तेविसाव्याला कुठे चोची बाहेर आल्या. पिल्लं अशक्त, दोघांचे पाय फाकलेले. उशीर झाला म्हणजे ऊब कमी पडली, हे सासूबाईंनी बघताक्षणी सांगितलं. तापाचा थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवून पाहिला तर ३६.६! विकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला सेटिंग तुम्हीच बदला. कसं, ते माहितीपत्रकात कुठेच नाही. न फुटलेली अंडी मी फोडून पाहिली. कितीतरी अंड्यांत अंगावर पिसं आलेली, पूर्ण वाढलेली पिल्लं होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. एवढ्या नाजूक कामाचं यंत्र विकताना तापमापक तपासून द्यायलाच हवा.

आता मी पडद्यावर ३८.४ ठेवते, म्हणजे आत खरे ३७.५ मिळतात. दुसऱ्या खेपेला ४० अंडी ठेवली, सगळी आठवड्याच्या आतली, न धुतलेली. सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरून पाहिली. जीव धरलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. सहा कोरी निघाली, ती काढली. अठराव्या दिवशी फिरवणं बंद केलं, पाणी वाढवलं आणि झाकणाला हात लावला नाही. शेवटच्या तीन दिवसांत झाकण उघडलं की दमटपणा जातो, आतलं पातळ पापुद्रं सुकून पिल्लाला चिकटतं. २९ पिल्लं निघाली. मधे बाराव्या दिवशी चार तास लाइट नव्हती. पेटीवर गोधडी टाकली, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवली, निभावलं. पाणी भरायला मात्र दरवेळी झाकण उघडावं लागतं. बाहेरून नळी दिली असती तर किती बरं झालं असतं.

यंत्र ऊब देतं, आईपण देत नाही. फुटायच्या आदल्या दिवशी पिल्लू अंड्यातूनच चिवचिवतं आणि खुडूक कोंबडी खालच्या आवाजात त्याला ओ देते. ते ऐकत मी पडवीत डालग्याशी, म्हणजे कोंबडीच्या टोपलीशी, कितीदा बसले आहे! घार दिसली की पिल्लांना पंखाखाली बोलावणं, पाचोळा उकरून वाळवी शोधणं हे सगळं तीच शिकवते. पहिल्या खेपेची पिल्लं बल्बखाली वाढली. बाहेर सोडली तेव्हा घार डोक्यावर आली तरी उघड्यावर उभी राहिली. तीन गेली.

म्हणून आता यंत्र लावते त्याच दिवशी एक खुडूक कोंबडीही दहा अंड्यांवर बसवते. आमची तांबडी यात सगळ्यात भली. दोघांकडची पिल्लं एकाच दिवशी निघतात. यंत्रातली आठ-दहा पिल्लं अंगानं वाळली की रात्री काळोखात हळूच तिच्या पंखाखाली सरकवते. सकाळी ती सगळ्यांना आपलीच समजून बाहेर काढते. दिवसा उजेडात हे करू नका, परकं पिल्लू ओळखून ती टोचते. उरलेली बल्बखाली ठेवायची. सातव्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यात लासोटा लसीचा एकेक थेंब, नाहीतर मानमोडीची साथ आली की खुराडं रिकामं होतं.

अंडी विकायची नि पिल्लंही वाढवायची असतील, आणि घरात इन्व्हर्टर असेल, तर हे यंत्र घ्या. पाच-सहाच कोंबड्या असतील तर पैसे घालवू नका, डालग्यात पेंढा घालून खुडूक कोंबडी बसवा. दीडशेचा थर्मामीटर मात्र यंत्राबरोबरच आणा. पहिलं अंडं ठेवण्याआधी दोन दिवस यंत्र रिकामं चालवून दोन्ही आकडे ताडून पाहा.