फोटोक्रोमॅटिक काचा आणि विदर्भाचा मे महिना

नंबरचा चष्मा करायला गेलं की दुकानदार हमखास विचारतो, "फोटोक्रोमॅटिक टाकू का? उन्हात काळी, घरात पांढरी." सोबत जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी काचेवर मारून दाखवतो. काच बघता बघता काळवंडते आणि गिऱ्हाईक खूश होतं. काच चांगलीच आहे. पण ती कुठे कमी पडते, हे त्या बॅटरीच्या प्रयोगात दिसत नाही.

आधी जमेची बाजू. ट्रान्झिशन्ससारखी चांगल्या कंपनीची फोटोक्रोमॅटिक काच पांढरी असतानाही अतिनील किरण अडवते. काळेपणा असतो तो डोळे दिपू नयेत म्हणून. किरण अडवणं आणि उजेड कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि गॉगल घेताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. नुसता रंग दिलेल्या, अतिनील न अडवणाऱ्या गडद काचेमागे बाहुली मोठी होते, कपाळाला आठी घालून डोळे बारीक करणंही थांबतं आणि किरणांना आत जायला वाट मोकळी मिळते. अशा गडद काचेपेक्षा 'यूव्ही 400'ची पांढरीशुभ्र काच केव्हाही बरी. यूव्ही म्हणजे अतिनील. 400 म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे, अर्थात अतिनीलच्या पूर्ण पट्ट्यातले किरण अडवणारी. अतिनील शोषक न मिसळलेली सीआर-39 काच, म्हणजे चष्म्याची नेहमीची प्लॅस्टिक काच, साधारण 350 पर्यंतच अडवते; पॉलिकार्बोनेट हे जास्त मजबूत प्लॅस्टिक मुळातच 380 च्या आसपास जातं. म्हणून साध्या काचेचा चष्मा करतानाही 'यूव्ही 400' हे शब्द बिलावर लिहून घ्यावेत.

आता उणी बाजू, आणि आपल्याकडे ती मोठी आहे. या प्लॅस्टिक काचांमधल्या रंगाच्या रेणूंना अतिनील किरण लागले की ते उघडतात आणि काच काळी होते. उष्णता त्यांना परत मिटवते. म्हणजे ऊन काच काळी करत असतं, तेव्हाच तापलेली हवा तिला पांढरी करू पाहत असते. फोटोक्रोमॅटिक काचांची प्रमाणित चाचणी 23 अंश सेल्सियसला होते आणि काळेपणाचे आकडे सहसा त्या तापमानाचे असतात. डिसेंबरात नाशिकला किंवा महाबळेश्वरला काच झकास गडद होते. अकोल्यात, चंद्रपुरात मे महिन्यात पारा 44-45 वर असताना, म्हणजे गडद काचेची गरज सर्वांत जास्त असते तेव्हा, तीच काच अर्धवट काळी होऊन थांबते. काच सदोष नसते, तिचं रसायनच तसं आहे. किरण मात्र तेव्हाही अडतात, फक्त डोळे दिपतात.

दुसरी अडचण गाडीत. कारची पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर घालून केलेली असते आणि तो थर बहुतेक अतिनील किरण खाऊन टाकतो. चष्म्यापर्यंत किरणच पोचले नाहीत तर तो काळा व्हायचा कसा? पॉलिकार्बोनेटची हेल्मेट व्हायझर खाली ओढली की तेच होतं. गाडीत थोडी काळी होणारी वेगळी जात मिळते, पण ती घरातही किंचित काळसर राहते. कारच्या बाजूच्या काचा बहुधा साध्या टफन्ड असतात आणि त्यातून काही अतिनील 'ए' किरण आत येतात, तेव्हा चालवणाऱ्याच्या उजव्या डोळ्याला पांढऱ्या यूव्ही काचेचाही उपयोग आहेच.

तिसरी गोष्ट काचेची नाही, फ्रेमची आहे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. सध्याच्या छोट्या, नाकावर पुढे बसणाऱ्या फ्रेममध्ये कानशिलाकडून ऊन सरळ आत शिरतं. तिरका उजेड बुबुळाच्या पारदर्शक पडद्यातून वाकून नाकाकडच्या कडेवर एकवटतो; तिथे त्याची तीव्रता सुमारे 20 पट होऊ शकते, असं ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांच्या कामातून दिसलं. शेतात, समुद्रावर, रस्त्यावर राबणाऱ्यांच्या डोळ्यात वाढणारं मांस, डॉक्टरांच्या भाषेत टेरिजियम, बहुतेकदा नाकाच्याच बाजूने का सुरू होतं, याचं हे एक मोठं कारण. शिवाय मागून आलेले किरण काचेच्या आतल्या बाजूवर आपटून डोळ्यात जातात. काचेवरची चमक घालवणारी काही अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग तर अतिनील किरण जास्तच परतवतात. म्हणून कोटिंग घेताना 'आतल्या बाजूला यूव्ही कोटिंग आहे का' असं स्पष्ट विचारा. आणि भर दुपारच्या इतकीच सकाळी 8 ते 10 आणि दुपारी 2 ते 4 ची काळजी घ्या. डोक्यावरच्या सूर्याला भुवई आणि कपाळ आडवं येतं, तिरक्या सूर्याला काहीच येत नाही.

मग घ्यायचं काय? शाळा, ऑफिस, बाजार असं सतत आत-बाहेर असणाऱ्यांना, दोन चष्मे सांभाळणं जमत नाही अशा ज्येष्ठांना फोटोक्रोमॅटिक जरूर घ्यावी. रोज तासभर दुचाकी, दिवसभर शेत किंवा लांबचं ड्रायव्हिंग असेल तर ते पैसे दोन चष्म्यांत वाटा. एक पांढरा, यूव्ही 400. दुसरा त्याच नंबरचा, 85 टक्के टिंटचा, तोही यूव्ही 400. 85 टक्के टिंट म्हणजे 15 टक्के उजेड आत. आंतरराष्ट्रीय मानकात ही श्रेणी 3, 8 ते 18 टक्क्यांची. श्रेणी 4 बर्फासाठी आणि उंच पहाडांसाठी. ती घालून वाहन चालवायचं नसतं. रंग करडा किंवा तपकिरी. करड्याने रंग खरे दिसतात, तपकिरीने खड्डे-उंचवटे जास्त उठून दिसतात. फ्रेम किंचित वळणदार, दांड्या रुंद, वरची कड भुवईला जवळजवळ टेकणारी. रात्री टिंटचा चष्मा लावून गाडी अजिबात नको. वर रुंद काठाची टोपी घातली तर डोळ्यांवर पडणारे किरण जवळपास निम्मे होतात.

पोलराइज्ड काच ओल्या रस्त्याची आणि पाण्याची चमक छान मारते, पण पोलराइज्ड म्हणजे यूव्ही नव्हे. दोन्ही शब्द वेगवेगळे तपासा. 'ब्लू कट' म्हणजे निळा उजेड अडवणारी काच दाखवायला दुकानदार निळ्या लेझर पेनचा प्रयोग करतात, तोही अतिनीलबद्दल काही सांगत नाही. तपासणी करायचीच तर दुकानातल्या यूव्ही मीटरवर काच ठेवायला लावा. काचेतून नोटेवर जांभळी बॅटरी मारून नोटेवरच्या खुणा चमकतात का ते बघायच्या युक्तीवर विसंबू नका: स्वस्त बॅटऱ्या बऱ्याचदा 395 नॅनोमीटरच्या असतात, थोडा दिसणारा जांभळा उजेडही देतात, आणि त्यामुळे चांगली काचही नापास वाटते.

फोटोक्रोमॅटिकचे रेणू वापराने थकतात. दोन-तीन वर्षांनी काच पूर्वीइतकी काळी होत नाही, पांढरी असताना पिवळसर वाटू लागते. तोवर तिचा काळेपणा टिकवायचा तर चष्मा उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, त्या उष्णतेने कोटिंगलाही बारीक तडे जातात. पुसताना आधी पाण्याखाली धूळ जाऊ द्या, भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटाने फिरवा, मग मऊ कापड. शर्टाच्या टोकाने कोरडं पुसलं की धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात.