ट्यूब ठेवावी की ट्यूबलेस करावं? काट्यांच्या रानातली फेरी आणि घड्याळ

कन्नडजवळ डोंगराच्या पायथ्याला आमची एक ठरलेली फेरी आहे. साडेसहा किलोमीटरची वाट, दोन अंगावर येणारे चढ, एक कोरडा ओढा आणि शेवटी सागातून नागमोडी उतरणारी पायवाट. गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत आम्ही शिरत नाही. परवानगीशिवाय तिथल्या पायवाटांवर सायकल घालणं बरोबर नाही, आणि तशी गरजही पडत नाही. हद्दीबाहेरचं रानही तसंच आहे: साग, धावडा, पळस, खाली मुरूम आणि काळे सुटे दगड, कडेकडेने बाभूळ, बोर, खैर. पाच वर्षं झाली, बहुतेक रविवार तिथेच जातात. त्यातली पहिली तीन वर्षं माझी वेळ 32 मिनिटांच्या आसपास अडकून होती. आता 29 च्या आत येतो.

गटात नवीन आलेलं कुणीही हे ऐकलं की पहिला प्रश्न ठरलेला, सायकल बदलली का? नाही बदलली. पुढचा शॉक तोच, गिअर तेच, टायरची नक्षीही तीच. ट्यूब काढून ट्यूबलेस केलं, म्हणजे हवा ट्यूबशिवाय थेट टायर आणि रिममध्येच भरली, एवढाच मोठा बदल. आपल्याकडच्या अशाच रानात वेळ कमी करायची धडपड ज्यांची चालू आहे आणि जे याच प्रश्नावर अडलेत, त्यांच्यासाठी दोन्हींचा माझा अनुभव लिहितो.

ट्यूबची बाजू लंगडी आहे असं मुळीच समजू नका. ट्यूब स्वस्त, सगळीकडे मिळते, आणि बसवायला कुणाची मनधरणी करावी लागत नाही. तालुक्याच्या गावी कुठल्याही पंक्चरवाल्याकडे सोल्युशन आणि पॅच असतो. परीक्षा, पेरणी, लग्नसराई यांत सायकल दोन महिने कोपऱ्यात उभी राहिली तरी आत काही सुकून जात नाही, हवा भरली की निघालं. सपाट मुरमाच्या रस्त्यावर चालवणाऱ्याला मी आजही ट्यूबच सांगेन.

रानात मात्र गाठ काट्यांशी असते, आणि आपल्याकडे काटा एका जातीचा नाही. बाभळीचा पांढरा, सरळ, जोडीने येणारा. बोरीचा एक सरळ तर जोडीदार वाकडा. खैराचा आखूड आणि आकड्यासारखा. वेडी बाभूळ तर बांधाबांधावर पसरली आहे, आणि शेतकरी कुंपणाला तिच्याच फांद्या टाकतात. पावसाळा सरला की वाटेच्या कडेला सराटे वाळून कडक होतात. सराटा कसाही पडला तरी एक टोक वर असतंच. दिवाळीच्या आसपास, म्हणजे हवा छान, माती बसलेली आणि वेळ काढायला सगळ्यात चांगला मोसम असतो तेव्हाच, हे सगळं वाटेवर तयार असतं.

पंक्चर होतं, हे एक वेळ सोसता येतं. मला छळलं ते पंक्चर काढल्यानंतर जे व्हायचं त्याने.

एका नोव्हेंबरातल्या सकाळची गोष्ट. पहिली फेरी चांगली गेली होती. दुसऱ्या फेरीत ओढ्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. टायरमध्ये बाभळीचा काटा दिसला, तो उपटला, आतून बोट फिरवलं, नवी ट्यूब टाकली, पंप मारला. पाचशे मीटरही गेलो नसेन, चाक पुन्हा जमिनीला. दुसरी ट्यूब टाकली. ती घरी पोचेपर्यंत टिकली, पण संध्याकाळी बघतो तर तीही मऊ. गावातल्या पंक्चरवाल्या चाचांनी चाक हातात घेतलं आणि म्हणाले, "काटा काढला दादा तुम्ही, पर नोक आतच ऱ्हायली. कापूस फिरवा, कापूस." घरी आणून कापसाचा बोळा टायरच्या आतून हळूहळू फिरवला. एका जागी तंतू अडकले. बोटाला तिथे काहीच लागत नव्हतं. टायर त्या जागी उलटा वाकवला तेव्हा रबरातून एक तपकिरी टोक वर आलं, तिळाच्या टोकापेक्षाही बारीक. चाकावर वजन पडलं की टायर दबायचा आणि ते टोक आत डोकवायचं, वजन उतरलं की परत रबरात लपायचं. शेवटी नेलकटरने ते उपटलं. त्या एका टोकाने तीन ट्यूब खाल्ल्या होत्या.

हे एकदा झालं असतं तर विसरलो असतो. त्या मोसमात चार-पाच वेळा झालं. आणि याचा खरा परिणाम ट्यूबच्या खर्चापेक्षा माझ्या डोळ्यांवर झाला, तो कळायला मला बराच उशीर लागला. मी खाली बघून चालवायला लागलो होतो. नजर पुढच्या चाकाच्या दोन-तीन मीटर पुढे, काटेरी फांदी कुठे आहे, सराट्याचा पट्टा कुठे आहे, यावरच. वळण मात्र दहा-पंधरा मीटर आधी बघावं लागतं. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात सोडायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण वळण दिसलंच उशिरा तर ब्रेक वळणातच लागतो, मुरमावर चाक सरकतं, आणि बाहेर पडताना वेग शून्यावर येतो. सागाच्या उतारात अशी अकरा वळणं आहेत. प्रत्येक वळणाला दोन-चार सेकंद मी काट्यांना देत होतो.

दुसरी गोष्ट हवेची. ट्यूब असताना हवा कमी ठेवली की दगडावर ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चेपते आणि दोन समांतर चिरा पडतात. त्यामुळे मी 34-35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरत असे, तेही 2.25 इंची टायरमध्ये आणि 72 किलो वजनाला. इतक्या हवेत टायर दगडावर बसत नाही, उडतो. चढावर सुट्या दगडांत मागचं चाक जागच्या जागी फिरतं, एक पाय खाली टेकतो, आणि तिथून पुन्हा चढ धरणं म्हणजे वीस सेकंद गेलेच.

ट्यूबलेस ही काही कालपरवाची गोष्ट नाही. माविक, हचिन्सन आणि मिशेलिन यांनी माउंटन बाइकसाठीची ट्यूबलेस पद्धत 1999 मध्येच आणली होती. रिमला टेप, त्यावर व्हॉल्व्ह, आणि आत साधारण शंभर मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं लॅटेक्सचं दुधासारखं पातळ द्रव. काटा घुसला की हवेबरोबर सीलंट भोकाकडे धावतं आणि तिथेच घट्ट होतं. पहिल्यांदा हे डोळ्यांनी पाहिलं तो क्षण अजून लक्षात आहे. ओढा ओलांडताना बारीक फुस्स आवाज आला, पुढच्या चाकातून पांढरे थेंब गोल उडाले, माझ्या नडगीवर दोन-चार पडले, आणि चाकाचे सात-आठ फेरे होईपर्यंत आवाज बंद. मी थांबलोसुद्धा नाही. फेरी संपल्यावर पाहिलं तर काटा तसाच रोवलेला आणि त्याच्याभोवती वाळलेल्या दुधाचा ठिपका.

हवा आता पुढे 22 आणि मागे 25 ठेवतो. मुरमावर टायर जमीन धरून चालतो, दगडावरून जाताना हातांना बसणारा ठोका निम्म्यावर आल्यासारखा वाटतो, आणि दुसऱ्या चढावरचा तो सुट्या दगडांचा पट्टा मी आता बहुतेक वेळा पाय न टेकता काढतो. दोन-तीन रविवार गेल्यावर लक्षात आलं की मान वर आली आहे. काटेरी फांदी दिसली तरी नजर तिच्यावर थांबत नाही, पुढच्या वळणावर जाते. वेळ तिथून उतरायला लागली.

तीन मिनिटं सगळी ट्यूबलेसनेच दिली असा दावा मी करणार नाही. सरावाचा वाटा असणारच, आणि वाटही पाठ होत जाते. पण एक गोष्ट घडली म्हणून माझा विश्वास बसला. मागच्या हिवाळ्यात रिमची टेप फाटली आणि नवी यायला दोन आठवडे लागले. तेवढे दोन रविवार मी ट्यूब टाकून तीच फेरी मारली. पाय तेच, वाट तीच. घड्याळ पुन्हा 31 च्या पुढे. आणि उतारात मी परत खाली बघत होतो, हे माझं मलाच जाणवलं.

आता ट्यूबलेसचा त्रास, कारण तो आहे आणि दुकानात कुणी आधी सांगत नाही. पहिला त्रास टायर रिमवर बसवण्याचा. साध्या पंपाने बऱ्याचदा कडा बसतच नाही, हवा कडेने निघून जाते. गावात कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड गाडीच्या जाड व्हॉल्व्हचं. बारीक व्हॉल्व्हला लागणारी पितळी टोपी स्वतःजवळ ठेवावी लागते. व्हॉल्व्हची पिन काढून, कडेला साबणाचं पाणी लावून एकदम हवा सोडली की कडा "टण्ण" करून बसते. त्या आवाजाची मला आता सवय झाली आहे, पहिल्यांदा मात्र दचकायला होतं. चाचांनी 25 ची हवा पाहून विचारलंही होतं, "कामून इतकी कमी ठेवता? रिम बसंल की खाली." त्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही. 20 च्या खाली गेलो तेव्हा वळणात टायरच्या कडेने हवा निसटली, आणि एकदा दगडावर रिमला ठेच लागली.

दुसरा त्रास आपल्या उन्हाचा. सीलंट तीन-चार महिने टिकतं असं म्हणतात, पण एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या सायकलीत ते दोन महिन्यांत आटलं. टायर उघडला तर आत पातळ पापुद्रा आणि एक रबरी गोळा, पातळ थेंब एकही नाही. म्हणून मी आता गुढीपाडव्याच्या सुमारास भरतो, पाऊस पडायच्या आधी बघतो आणि दसऱ्याला पुन्हा भरतो. व्हॉल्व्ह खाली घेऊन चाक हलवलं आणि आत खळखळ ऐकू आली नाही तर निघायचंच नाही. हा नेम ज्याच्याकडून पाळला जाणार नाही त्याला ट्यूबलेस त्रासच देईल.

तिसरा त्रास सगळ्यात कमी बोलला जातो. धारदार दगडाने टायरची बाजू चिरली तर सीलंट हात टेकतं. छोट्या चिरेत रबरी पट्टी दाबून बसवता येते, मोठी असेल तर ट्यूबच टाकावी लागते. आणि तेव्हा टायरमध्ये महिन्याभराचे सगळे काटे तसेच रोवलेले असतात, कारण त्यांनी कधी थांबवलंच नाही. ते न काढता ट्यूब टाकली तर ती फुगायच्या आधीच जाते. मी एकदा ओढ्यात बसून सतरा काटे उपटले आहेत. तेव्हापासून पिशवीत एक ट्यूब आणि एक छोटा चिमटा असतोच. गॅसच्या नळकांडीऐवजी हातपंप ठेवतो, कारण त्या गॅसने काही सीलंट आतल्या आत गोठतात.

मधला मार्ग म्हणून जाड ट्यूब आणि टायरच्या आत संरक्षक पट्टी, हेही करून पाहिलं. काटे कमी लागतात हे खरं, पण चाकाच्या कडेलाच वजन वाढतं, आणि ओढ्यातून वर निघताना ते पायांना लगेच कळतं. घड्याळासाठी चालवणाऱ्याला ते मी सुचवणार नाही. रोज शाळेला जाणाऱ्या मुलाच्या सायकलीला मात्र उत्तम.

तेव्हा माझं मत असं. महिन्यातून एकदाच रानात जात असाल, जवळ कॉम्प्रेसर नसेल, किंवा तीच सायकल रोजच्या कामाला लागत असेल, तर ट्यूब ठेवायला काहीच हरकत नाही. सायकलीबरोबर आलेली रिम ट्यूबलेसला चालणारी नसेल तर जुगाड करून बसवू नका, त्या पैशात चांगले टायर घ्या. पण दर आठवड्याला एकच फेरी मारत असाल, घड्याळ बघत असाल, आणि गेल्या दोन-तीन रविवारांत नजर वाटेपेक्षा काट्यांवरच जास्त गेली असेल, तर मी तुमच्या जागी असतो तर आता थांबलो नसतो.

एकाच चाकाचे पैसे असतील तर कुठलं आधी, असं परवा आमच्यातल्या एकाने विचारलं. मागचं चाक जास्त पंक्चर होतं, म्हणून बहुतेक जण मागचं करतात. मी पुढचं करायला सांगितलं, कारण वळणात पुढचं चाक धरलं तरच ब्रेक सोडायची हिंमत होते. करायचं तर सराटे वाळायच्या आत करा, म्हणजे दसऱ्याच्या आधी. टेप लावण्यापूर्वी रिम स्पिरिटने नीट पुसून घ्या, टेप ताणून लावा, आणि पहिली रात्र चाक थोडा वेळ एका बाजूला, थोडा वेळ दुसऱ्या बाजूला आडवं ठेवा. सकाळी हवा चार-पाच पीएसआयने उतरलेली दिसेल. पुन्हा भरा, आणि लगेच एक चक्कर मारून या.