आबांच्या बुलेटचा बॉबर केला, नऊ महिने झाले, आता लिहितो

आधीच सांगून टाकतो, गाडी भारी दिसते. पंपावर उभी केली की पेट्रोल टाकणारा पोरगा आधी गाडीकडं पाहतो आणि मग मीटरकडं, चौकात कुणी ना कुणी विचारतोच की भो कितीला पडली. पण दिसण्याचं कौतुक पंधरा दिवसांत संपतं, त्यानंतर ती रोज किक मारून चालवायची असते, आणि मला लिहायचंय ते त्या पंधरा दिवसांनंतरचं.

गाडी आबांची, ९४ची बुलेट स्टँडर्ड. ३४६ सीसी, कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटवाली (ठिणगीची वेळ साधणारी उघडझाप करणारी जुनी कळ असलेली), उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक. तिच्यावर दुधाचे कॅन गेले, केळीची रोपं गेली, माय माहेरी गेली, मी शाळेत गेलो, आणि आबांचा गुडघा दुखायला लागल्यावर खळ्यात ताडपत्रीखाली सहा वर्षं पडून राहिली. कोंबडी अंडी द्यायची सीटखाली, खोटं नाही सांगत.

बॉबर म्हणजे काय हे आबांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास अमेरिकेत पोरांनी आपल्या जड गाड्यांचे पुढचे मडगार्ड काढून फेकले, मागचे छाटले, जे जे नसलं तरी चालतं ते सगळं उतरवलं, गाडी हलकी झाली आणि पळायला लागली. फ्रेम कापून पुढचे फोर्क (चाक धरणारे पाइप) लांबलचक करणारा चॉपर त्याच्या नंतरचा, दोघांची गल्लत करू नका, बॉबरमध्ये काढायचं जास्त आणि जोडायचं कमी. बॉब म्हणजे घोड्याचं शेपूट आखूड करणं, त्यावरून ते नाव. हे आबांना सांगितलं, आणि आबा दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोड्यांचा बाजार न चुकवणारा माणूस, ते एवढंच बोलले, "शेपूट कापेल घोडा कोन ली रे?"

मग मी एक काम केलं आणि अख्ख्या प्रकरणात तेच एक शहाणपणाचं निघालं. गाडी गॅरेजला न्यायच्या आधी दोनशे पानी वही घेतली आणि चार महिने फक्त मोजत आणि लिहीत बसलो. एका पानावर काय काढायचं, समोर ते कसं परत बसवता येईल. ज्याच्यासमोर परत बसवायचं उत्तर सापडलं नाही ते करायचं नाही, असा नियम. मित्र हसायचे, म्हणायचे तू गाडी बनवतोय का पंचनामा करतोय.

त्या वहीनं काय काय वाचवलं ते सांगतो. पहिलं म्हणजे मागचं टायर. बॉबर म्हटलं की सगळ्यांना मागं ५.००-१६चं, म्हणजे पाच इंच रुंद आणि १६ इंची रिमचं, जाड टायर पाहिजे, मलाही पाहिजे होतं. हिशेब केला तर बाहेरचा व्यास बुलेटच्या ३.२५-१९च्या जवळपासच येतो, त्यामुळं गिअरिंगचा प्रश्न नव्हता. पण रुंदी? पुठ्ठ्याचा १२७ मिलिमीटरचा तुकडा कापला आणि स्विंगआर्ममध्ये, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या नळ्यांच्या फाट्यात, धरला, तर तो एका बाजूनं चेनला आणि दुसऱ्या बाजूनं नळीला टेकला. म्हणजे स्विंगआर्म रुंद करा, चेनची लाइन सरकवा, चाक मध्यावरून हलवा, कुठंतरी वेल्डिंग आलंच. मग १८ची रिम भरून घेतली आणि ११०/९०-१८ टाकलं, रॉयल एनफील्डच्याच नंतरच्या क्लासिकला जे यायचं तेच. जाडजूड दिसत नाही पण धावतं सरळ. पुठ्ठ्याला खर्च शून्य, आणि एका ओळखीच्यानं हेच न मोजता टायर आणलं होतं, ते अजून त्याच्या माळ्यावर आहे.

दुसरं हेडलाइटचं कास्केट. मला साधा सुटा गोल हेडलाइट लावायचा होता, ते दोन टायगर लॅम्प (बाजूचे छोटे दिवे) आणि अँमीटर (बॅटरी भरतेय की रिकामी होतेय ते दाखवणारा काटा) असलेलं डबडं काढून टाकू म्हटलं. जुन्या मिस्तरीनं एका वाक्यात जमिनीवर आणलं, म्हणे ते डबडं नाही, फोर्कची वरची पकडच ती आहे, ते काढलं तर तुझे पाइप वरून धरणार कोण? म्हणजे वेगळं योक पाहिजे, ते मशीनवर बनवून घ्यायचं, त्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तर हँडल जिंदगीभर एका बाजूला ओढणार. कास्केट राहिलं. आणि राहिलं ते बरंच झालं, कारण अँमीटरशिवाय ही गाडी चालू करायला मजा नाही. डीकॉम्प (इंजिनातला दाब सोडायची दांडी) दाबून हळूहळू किक फिरवत जायची, काटा मायनसमधून मध्यावर आला की पॉइंट उघडले समजायचं, डीकॉम्प सोडायचा, किक वरून घ्यायची आणि एकदाच मारायची. आबांची पहिल्या मारेत, माझी तिसऱ्या.

तिसरं फ्रेम. बरेच जण मागच्या नळ्यांचा फाटा कापून तिथं गोल वळवलेली नळी वेल्ड करतात, फोटोत फार छान दिसतं. मी हात लावला नाही. एक तर त्याच नळ्यांवर शॉकअपचं वरचं टोक येतं, तिथला वेल्ड कोण करतोय आणि कसा हे मला कळत नाही. आणि दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवर कंपनीच्या माहितीप्रमाणं जे लिहिलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही असं ते सांगतं, २०१९च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पंधरा वर्षं उलटलेली गाडी दर पाच वर्षांनी आरटीओला दाखवावी लागते, तिथं इन्स्पेक्टरसमोर तुम्ही गाडी उभी करणार, आणि तो तुमच्या वेल्डिंगचं कौतुक करेल असं वाटत असेल तर तुमची मर्जी. रंग पण काळाच ठेवला, आरसीवर काळा आहे म्हणून. मागच्या माणसाचे फूटरेस्ट आणि साडी गार्ड पण ठेवले, बॉबरला साडी गार्ड म्हणजे सुटाबुटावर टॉवेल, पण नियमात आहे तर आहे. सिंगल सीट तरी कुणाच्या डोळ्यात खुपू शकते, म्हणून डबल सीट चार बोल्टांत परत बसेल असं ब्रॅकेट करून घेतलं. मागचा ओरिजिनल मडगार्ड माळ्यावर, जुन्या बाजारातून दुसरा आणून तो छाटला.

एवढी वही भरूनसुद्धा तीन ठिकाणी शेण खाल्लंच, कारण ती तीन पानं मी वहीला न विचारता व्हिडिओ पाहून भरली होती.

एक, शॉकअप. मागून गाडी बसकी दिसावी म्हणून दोन इंच आखूड टाकले. दिसली झकास. पण गाडी मागून दोन इंच खाली गेली आणि साइड स्टँड तेवढाच राहिला, म्हणजे गाडी स्टँडवर तिरपी व्हायच्या ऐवजी शाळेतल्या पोरासारखी ताठ उभी. तिसऱ्या दिवशी अंगणात उभी होती, गोऱ्ह्यानं सुटून मान घासली आणि गाडी उजव्या अंगावर आडवी. गिअरचा दांडा आत वळला, टाकीला मुठीएवढा पोचा. आणि गोऱ्हा आपला शांतपणे रवंथ करून राहिला. डबल स्टँडला लावायची तर दोन माणसं पाहिजेत, कारण आता तेवढीच जास्त उचलावी लागते. चोपड्याहून जळगावला जाताना अडावद, धानोरा, जिथं तिथं स्पीडब्रेकर, प्रत्येकावर खालून खर्रर्र. महिन्याभरात जुने शॉकअप परत टाकले. अंगात शॉकअप नसलेली, मागं नुसत्या पट्ट्या लावलेली गाडी करायची असेल तर माझा नमस्कार, आपले रस्ते आधी बघून घ्या.

दोन, एअर फिल्टर. डबा काढून उघडा कोनवाला फिल्टर लावला, तिथली जागा मोकळी दिसते म्हणून. दिवाळीपर्यंत ठीक वाटलं, थंडीत तर आवाज पण मस्त. मार्चपासून उतारावर सोडली की सायलेन्सरमध्ये फट् फट्, चढावर दम लागल्यासारखी. प्लग काढला तर खडूसारखा पांढरा, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, इंजिन आतून भाजत होतं. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल जायचं भोक) मोठा टाकून पाहिला, एकीकडं जमलं की दुसरीकडं बिघडायचं. आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात, त्यात काळ्या मातीचा पिठासारखा बारीक फुफाटा, त्या फिल्टरला बोट लावलं तर आतल्या बाजूला पण धूळ लागली. डबा परत. प्लग आता बिस्किटाच्या रंगाचा येतो, आवाज थोडा दबलाय, दबू दे.

तीन, बॅटरी. सीटखाली लपवायची म्हणून ५ अँपिअरची छोटी टाकली. किकवाली गाडी, मोठी बॅटरी कशाला असा माझा हिशेब. पण पॉइंटच्या गाडीला ठिणगीसाठी बॅटरीच लागते हे डोक्यात नाही आलं. जळगावहून रात्री येत होतो, विदगावच्या पुलाअलीकडं ट्रक आणि ट्रॅक्टरांच्या रांगेत वीस मिनिटं हेडलाइट लावून आयडलवर, अँमीटरचा काटा मायनसला टेकलेला दिसत होता आणि मी तो पाहून पण पाहिला नाही. तापीवर, बरोब्बर पुलाच्या मध्यावर, बंद. ढकलत पलीकडं आलो, एका ट्रॅक्टरवाल्या दादानं स्वतःच्या बॅटरीवरून दहा मिनिटं चार्ज दिला आणि म्हणाला हेडलाइट न लावता माझ्या मागं मागं ये. आता ९ अँपिअरची आहे, थोडी बाहेर डोकावते.

सायलेन्सरचं जास्त लिहीत नाही. आखूड लावला, गल्लीतल्या आजी आजारी होत्या, बारा दिवसांत काढला.

आता सीट, कारण सगळे तेच विचारतात. खाली दोन स्प्रिंगवाली एकट्याची सीट, जुन्या मिल्ट्री बुलेटवर दिसायची तशी. गावातल्या गावात आणि शेतापर्यंत एक नंबर. उनपदेवपर्यंत पण हसत गेलो. तोरणमाळला गेलो तेव्हा शहाद्यापर्यंत कंबर शिल्लक होती, पुढं घाटात नाही. खड्डा आला की आधी चाक आपटतं, मग शॉकअप, मग स्प्रिंग, आणि स्प्रिंग परत वर फेकते तेव्हा पुढचा खड्डा आलेला असतो. स्प्रिंगा कुईं कुईं पण करतात, ग्रीस लावलं की आठवडाभर गप्प. शंभर किलोमीटरच्या वर रोज जाणार असाल तर हिच्या नादी लागू नका.

आणि पाणी. आखूड मडगार्डचं खरं बिल पावसात येतं. पोळ्याला गाडी पहिल्यांदा बाहेर काढली, बैलांच्या मागं मिरवली पण, आणि रिमझिम सुरू झाली. घरी आलो तर पांढऱ्या शर्टावर कमरेपासून मानेपर्यंत चार बोटं रुंद काळ्या मातीचा पट्टा, वहिनी म्हणाल्या बैलाचं रंगवणं झालं वाटतं. ती माती कपड्यातून निघत नाही हे कापूस वेचणाऱ्या कुणालाही विचारा. पुढचा मडगार्ड पूर्ण काढायचा विचार होता तो त्याच संध्याकाळी सोडला.

पैशाचं सरळ सांगतो, वहीत तीस हजार लिहिले होते, लागले एकसष्ट. इंजिनला २१ (बोअर, पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच प्लेट), रिम, टायर, स्पोकला १३, सीट, मडगार्ड आणि ब्रॅकेटला ९, वायरिंग बॅटरी ६, रंग ५, आणि जे लावलं आणि परत काढलं त्याचे ७. इंजिनचे २१ कुठल्याही रूपात लागलेच असते, बॉबर करा नाहीतर तशीच ठेवा. नुसतं दिसणंच पाहिजे असेल तर जुन्या गाडीचा छळ कशाला, २०१९ला जावाची पेराक आली, ३३४ सीसी, कंपनीतूनच बॉबर, आरटीओची कटकट नाही. काम घेताना फॅब्रिकेशनवाल्यानं पंधरा दिवस सांगितले आणि अडीच महिने घेतले, नाव लिहीत नाही, ब्रॅकेट मात्र त्यानं इमानदारीत केलंय, नऊ महिन्यांत एक बोल्ट ढिला नाही.

सहा हजार किलोमीटरच्या वर झाले. इंजिन ठणठणीत, वजन कमी झाल्यानं उचल जाणवते, मायलेज पस्तीसच्या आसपास, समोरचा ड्रम ब्रेक आहे तसाच म्हणजे देवाचं नाव घेऊन दाबायचा.

एक हिशेब मात्र वहीत कुठंच नव्हता. गाडी तयार झाली त्या दिवशी माय ओट्यावरून उतरून आली, गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या मोकळ्या लोखंडावर हात फिरवला आणि म्हणाली, "आनि मी कोठे बसू?" मी हसण्यावारी नेलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तिला मामाकडं न्यायचं होतं, एसटीच्या गर्दीत तिला पाठवायचं जिवावर आलं, म्हणून आदल्या रात्री माळ्यावरून डबल सीट काढली, चार बोल्ट, वीस मिनिटं. आबा खाटेवर बसून टॉर्च धरून होते. आखाजी होऊन गेली, आंबे पण संपत आले, स्प्रिंगवाली सीट माळ्यावरच आहे. काल आबांनी विचारलं की ओरिजिनल मडगार्ड पण तिथंच आहे ना, पाऊस तोंडावर आलाय.