बबल सीपॅप संच: बाटली उत्तम, प्रॉन्ग्ज बेतास बात

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांना हवेचा सतत हलका दाब देऊन (हाच सीपॅप) श्वासाला मदत करणारा हा संच साधा आणि कामाचा. बाहेर जाणाऱ्या हवेच्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात 5 सेंमी बुडवलं की साधारण तेवढाच दाब. बिघडायला फारसं काही नाहीच. बुडबुडे थांबले तर आधी गळती शोधा: प्रॉन्ग्ज (नाकपुड्यांत घालायच्या छोट्या नळ्या) लहान पडतात किंवा बाळाचं तोंड उघडं असतं. उलट नाक चोंदलं तरी बुडबुडे येतच राहतात, म्हणून छातीही बघा. नळीत साठलेलं पाणी बाटलीत उतरून पातळी चढते, दाबही. जादा पाणी जायला भोक हवं होतं. प्रॉन्ग्ज कडक, नाकाचा पडदा सोलवटतो. त्या पडद्याला टेकू देऊ नका. दाब उगाच वाढवू नये: अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या 2008 च्या कॉइन चाचणीत सीपॅपच्या 8 सेंमी दाबावर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसातून हवा छातीत गळणं) 9 टक्के बाळांना, व्हेंटिलेटरवर 3. हवा नि ऑक्सिजन मिसळणारा ब्लेंडर वेगळा घ्या म्हणतात, ही मात्र लबाडी!