रॉटरडॅम, अँटवर्प की हॅम्बुर्ग? एकच बंदर पाहायचे असेल तर

युरोपच्या दौऱ्यातले दोन-तीन दिवस खास बंदर पाहण्यासाठी राखून ठेवणारे प्रवासी थोडेच असतात. पण जे असतात, त्यांच्यापुढे रॉटरडॅम, अँटवर्प आणि हॅम्बुर्ग ही तीन नावे हटकून येतात. मालाच्या उलाढालीत युरोपातील पहिली तीन बंदरे हीच आहेत, आणि तीही याच क्रमाने. मात्र पाहणाऱ्याने हा क्रम बाजूला ठेवलेला बरा. आपण जिथे उभे राहू शकतो तिथून जहाज किती जवळून जाते, हा त्याच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नदीकडे मिळते. तिन्ही शहरे समुद्रकाठी नसून नदीकाठी वसलेली आहेत. गाळ, उथळ पाणी आणि भरती-ओहोटी यांचा जाच तिघांनाही झाला, प्रत्येकाने त्यावर आपापला तोडगा काढला, आणि पाहुण्याला आज काय दिसते हे त्या तोडग्यावरच अवलंबून आहे.

रॉटरडॅम हे नेदरलँड्समध्ये, ऱ्हाइन आणि मास या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात, नीवे मास या प्रवाहाच्या काठी आहे. एकोणिसाव्या शतकात समुद्राकडे जाणारी जुनी मुखे गाळाने भरत चालली आणि मोठ्या जहाजांना आडवळणाने यावे लागू लागले, तेव्हा डच अभियंत्यांनी हूक व्हान हॉलंडजवळच्या वाळूच्या टेकड्या कापून थेट समुद्रात जाणारा नवा जलमार्ग काढला. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या या मार्गात जहाजाला थांबून राहावे लागेल असे एकही लॉक, म्हणजे दारे लावून पाण्याची पातळी वर-खाली करणारा हौद, नाही. पुढे जहाजे वाढत गेली तसतसे बंदरही समुद्राच्या ओढीने पश्चिमेकडे सरकत गेले; शेवटी समुद्रात भर घालून मासव्लाक्ते नावाची नवी जमीनच तयार करण्यात आली, आणि आता हे बंदर शहरापासून समुद्रापर्यंत सुमारे ४० किलोमीटर लांब पसरले आहे. पाण्याखाली वीस मीटरहून अधिक बुडणारी जहाजे मुखापाशीच धक्क्याला लागतात. ती शहरात येत नाहीत, कारण त्यांना यायची गरजच उरलेली नाही.

म्हणून रॉटरडॅमच्या मुख्य स्थानकावर उतरून, १९९६ मध्ये बांधलेल्या इरास्मस पुलावर जाऊन ‘बंदर कुठे आहे?’ असे विचारणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते. तिथे दिसतात ते ऱ्हाइनवरचे लांबलचक बार्ज, म्हणजे नदीतून माल नेणाऱ्या सपाट बोटी. अर्थात तेही पाहण्यासारखे आहेत. बार्ज चालवणारे कुटुंब पुष्कळदा त्यावरच राहते. मागच्या बाजूला खिडक्यांना पडदे लावलेले घर असते आणि त्याच्याजवळ डेकवर घरची मोटारगाडी उभी असते, जी मुक्कामाच्या धक्क्यावर छोट्या क्रेनने खाली उतरवली जाते. समुद्रावरची मोठी जहाजे पाहायची असतील तर मात्र मेट्रोने हूक व्हान हॉलंडच्या किनाऱ्यापर्यंत जावे. तिथे नदीच्या मुखातून आत-बाहेर करणारी जहाजे समोरून जातात, आणि जवळच १९९७ मध्ये पूर्ण झालेला मासलांटकेरिंग हा वादळी लाटा अडवणारा बांध आहे, ज्याच्या दोन दरवाजांपैकी प्रत्येकाची लांबी २१० मीटर आहे. अभियांत्रिकीची आवड असलेल्याला एवढ्यासाठीसुद्धा रॉटरडॅम पुरेल. जुन्या शहराची आस असणाऱ्याने मात्र इथे येऊ नये: १४ मे १९४० च्या जर्मन बॉम्बवर्षावात शहराचा मध्यभाग नष्ट झाला, आणि आज दिसते ते मुख्यतः युद्धानंतरचे शहर आहे. डेल्फ्सहाव्हन हा कालव्याकाठचा भाग तेवढा वाचला.

अँटवर्पची गोष्ट अगदी वेगळी आहे. हे शहर बेल्जियममध्ये, शेल्ड नदीच्या उजव्या तीरावर, समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटर आत आहे. पण नदीचे मुख नेदरलँड्सच्या हद्दीत आहे, आणि या एका भौगोलिक गोष्टीने शहराचा इतिहास घडवला आणि बिघडवलाही. सोळाव्या शतकात अँटवर्प ही युरोपातील सर्वांत श्रीमंत बाजारपेठांपैकी एक होती. १५८५ मध्ये ते स्पेनच्या ताब्यात गेल्यावर डचांनी खालच्या अंगाला नदीची नाकेबंदी केली आणि ती दोनशे वर्षे टिकली. अँटवर्पचा व्यापार आणि व्यापारी ॲमस्टरडॅमकडे गेले. नदी खुली झाल्यावरही जकात शिल्लक राहिली, आणि ती १८६३ मध्ये बेल्जियमने एकरकमी पैसे मोजून कायमची मोडून घेतली. जुन्या शहरातल्या गिल्डांच्या (व्यापारी-कारागिरांच्या संघांच्या) इमारती आणि १२३ मीटर उंच मनोरा असलेले कॅथीड्रल पाहताना हे ध्यानात असले, की एवढ्या वैभवानंतर पुढच्या काळातले बांधकाम का विरळ दिसते, याचा थोडाफार उलगडा होतो.

इथे भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो. जहाज धक्क्याला बांधलेले असताना पाणी असे वर-खाली होऊ लागले तर माल चढवणे-उतरवणे जिकिरीचे होते, म्हणून अँटवर्पने आपल्या बहुतेक गोद्या लॉकच्या आड ठेवल्या. मुंबईकरांना ही कल्पना नवी नाही. १९१४ मध्ये सुरू झालेल्या आणि आता इंदिरा गोदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोदीतही जहाजे लॉकमधूनच आत जातात. अँटवर्पमध्ये फरक आहे तो आकाराचा. १९८९ चे बेरेन्ड्रेख्ट आणि २०१६ चे कील्ड्रेख्ट ही दोन्ही लॉक ५०० मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद आहेत. पुढे-मागे टग (जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटी) लावलेले जहाज मुंगीच्या पावलाने या हौदात शिरते, दोर बांधले जातात, मागचा प्रचंड दरवाजा आडवा सरकत बंद होतो, आणि मग काही वेळ काहीच घडत नाहीसे वाटते. नंतर लक्षात येते की मघाशी समोर असलेली जहाजाची रेलिंग आता डोक्याच्या वर गेली आहे. तिन्ही बंदरांत एवढ्या निवांतपणे जहाज न्याहाळण्याची जागा दुसरी नाही. सर्वच जहाजांना हा सोपस्कार करावा लागत नाही, कारण कंटेनरच्या मोठ्या गोदीसारख्या काही गोद्या थेट नदीला खुल्या आहेत.

अडचण अशी की हे सारे शहराच्या उत्तरेला, बरेच दूर आहे. सायकल किंवा गाडी हाताशी असेल तर लिलोपर्यंत जावे. लिलो हे जुन्या किल्ल्याच्या तटात वसलेले चिमुकले गाव चारी बाजूंनी बंदराने वेढले आहे आणि तरीही शिल्लक आहे. शेजारच्या गावांचे नशीब एवढे चांगले नव्हते. विल्मर्सडोंक हे गाव १९६० च्या दशकात गोद्यांसाठी पाडले गेले, पण त्याच्या चर्चचा विटांचा मनोरा तेवढा ठेवला गेला, आणि तो आता कंटेनरच्या रांगांमध्ये एकटाच उभा आहे. धरणाखाली गेलेल्या गावांतली देवळे उन्हाळ्यात पाण्याबाहेर डोकावताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या मनोऱ्याची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही.

शहरातही एक जागा चुकवू नये: शेल्डच्या खालून जाणारा, १९३३ चा सेंट ॲना पादचारी बोगदा. तो ५७२ मीटर लांब आहे, आणि त्यात उतरण्यासाठी अजूनही त्या काळचे लाकडी सरकते जिने कुरकुरत चालतात. पलीकडच्या तीरावरून दिसणारे शहर मला कॅथीड्रलच्या पायथ्याशी उभे राहून दिसणाऱ्या शहरापेक्षा अधिक आवडते. जेवणाबाबत एक व्यावहारिक गोष्ट: मुख्य स्थानकालगतच्या हिरे बाजारात मूळच्या पालनपूरच्या जैन व्यापाऱ्यांची मोठी वस्ती-वहिवाट असल्याने शाकाहारी माणसाची इथे इतर दोन शहरांच्या मानाने कमी पंचाईत होते.

हॅम्बुर्ग जर्मनीत, समुद्रापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत, एल्ब नदीवर आहे. बंदराचा वाढदिवस इथे दर वर्षी मे महिन्यात मोठ्या थाटात साजरा होतो, कारण ७ मे ११८९ रोजी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने सनद दिली अशी परंपरा आहे. उपलब्ध सनद नंतरच्या काळात रचलेली बनावट असल्याचे इतिहासकार मानतात, पण त्यामुळे उत्सवात खंड पडलेला नाही. हॅम्बुर्गने रॉटरडॅमप्रमाणे समुद्राकडे स्थलांतर केले नाही आणि अँटवर्पप्रमाणे स्वतःला लॉकच्या आडही ठेवले नाही. नदीचा गाळ उपसत राहायचे, पात्र पुन्हा पुन्हा खोल करायचे, आणि तरीही जे जहाज मावत नाही त्याने भरतीची वेळ साधून यायचे, असा त्याचा खाक्या आहे. हा मार्ग खर्चिक आहे, पर्यावरणवाद्यांशी त्यावरून वर्षानुवर्षे वाद झाले, आणि व्यापाराच्या हिशोबात तो शहाणपणाचा आहे की नाही यावर मतभेद आहेत. पाहुण्याला मात्र त्याचा निखळ फायदा होतो, कारण बंदर शहराच्या अगदी समोर, नदीच्या दुसऱ्या काठाला आहे आणि ४०० मीटर लांबीची कंटेनर जहाजे लोकांच्या घरांच्या खिडक्यांसमोरून जातात.

लांडुंग्सब्रुकेन या तरंगत्या धक्क्यावर उभे राहिले की भरती-ओहोटी पायांना कळते. पाणी साडेतीन मीटरहून अधिक चढते-उतरते, आणि तराफ्यांवर उभा असलेला सगळा धक्का त्याच्याबरोबर वर-खाली होतो. भरतीला जे जोडपूल जवळजवळ सपाट असतात, ते ओहोटीला इतके उतरते होतात की सामानाची चाकांची बॅग हाताने धरून ठेवावी लागते. इथून ६२ क्रमांकाची फेरीबोट पकडावी. ती शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचा भाग आहे आणि बस-मेट्रोच्या तिकिटावरच चालते, त्यामुळे पर्यटकांसाठीच्या महागड्या बंदरफेरीची मला गरज वाटत नाही. वाटेत ओव्हेलगोनेला उतरले की वाळूचा किनारा लागतो, जिथे माणसे सतरंज्या टाकून बसलेली असतात आणि समोर कंटेनर टर्मिनलच्या क्रेन काम करत असतात. त्याच्याही पुढे, वेडेल या गावी, १९५२ पासून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना त्यांच्या देशाचे राष्ट्रगीत वाजवून सलामी देण्याची प्रथा आहे.

श्पायखरश्टाट हा लाल विटांच्या गोदामांचा भाग २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे; कॉफी, मसाले आणि गालिचे यांच्या व्यापारासाठी तो उभारला गेला. एल्बखालचा १९११ चा बोगदा पायी पार करता येतो. नदीशी एवढी जवळीक ठेवण्याची किंमतही शहराने मोजली आहे: १९६२ च्या फेब्रुवारीतील पुरात इथे ३१५ माणसे दगावली, आणि म्हणूनच हाफेनसिटी या नव्या वस्तीतल्या इमारती उंच भरावावर बांधलेल्या दिसतात.

तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. रॉटरडॅम आणि अँटवर्प एकमेकांपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर असून दोन्हींमध्ये थेट रेल्वे आहे, तेव्हा मुक्काम अँटवर्पला ठेवून रॉटरडॅम एका दिवसात उरकणे शक्य आहे. उलटे करू नये, कारण संध्याकाळ घालवायला अँटवर्प कितीतरी सरस आहे. हॅम्बुर्ग मात्र या दोघांपासून खूप लांब आहे आणि त्यासाठी वेगळाच बेत आखावा लागतो. पण तीनच दिवस असतील, बरोबर मुले किंवा वडीलधारी माणसे असतील आणि जहाजे पाहण्यासाठी वणवण नको असेल, तर मी हॅम्बुर्गच निवडेन. हॉटेलची खोली ठरवण्याआधी त्या दिवसांचे भरतीचे वेळापत्रक पाहून घ्यावे, शक्यतो पहाटेची वेळ साधावी, आणि रविवार मिळाला तर उन्हाळ्यात पाच वाजता उघडणारा मासळीबाजार आटोपून सरळ ६२ नंबरच्या बोटीत बसावे.