उलट्या तोंडाची सीट: भाचीसाठी घेतलेल्या चाइल्ड सीटबद्दल

वस्तू अशी: गाडीच्या सीटबेल्टने बांधायची चाइल्ड सीट, खोक्यावर '0 ते 25 किलो' लिहिलेली, साडेअकरा हजारांना पडलेली. दिवाळीच्या तोंडावर भाचीसाठी घेतली, आता पावसाळा लागलाय. एवढ्या वापरानंतर लिहायला हरकत नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. मी चाकणला सीटबेल्ट आणि एअरबॅगच्या डिझाइनवर काम करते. आज जिला नावं ठेवीन ती कंपनी उद्या आमच्या टेबलापलीकडे बसलेली असायची. शिवाय या सीटांचं असं आहे की एकच साचा तीन-चार नावांनी विकला जातो, फक्त कापडाचा रंग बदलतो. तेव्हा नावापेक्षा काय बघायचं ते सांगते, त्याचा उपयोग जास्त.

भावाची गाडी 2014 ची हॅचबॅक. आयसोफिक्स नाही. आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटच्या फटीत गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या दोन लोखंडी कड्या, एकमेकींपासून 280 मिलिमीटरवर. सीटचे दोन हात त्यात खटकन अडकतात. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत त्या असतात, या गाडीत नाहीत, म्हणून पट्ट्याने बांधायची सीट घ्यावी लागली. पट्ट्याची सीट मुळात कमी सुरक्षित असते असं नाही. नीट बसवली तर ती चांगलं काम करते. 'नीट बसवली तर' यातच सगळा घोळ आहे.

दुकानातली गोष्ट आधी. दुकान मोठं, काचेच्या आत दहा-बारा सीटा मांडलेल्या, विकणारा मुलगा हुशार आणि गोड बोलणारा. त्याने पहिल्यांदा कापड किती मऊ आहे ते दाखवलं. मी म्हटलं, कापड काढून दाखव. तो बिचकला. "मॅडम, कव्हर काढून कोणीच बघत नाही." मग काढलं. आठ हजारांच्या सीटमध्ये डोक्याच्या दोन्ही बाजूंना नुसता स्पंज होता, बोटाने दाबला की खालचं प्लॅस्टिक लागत होतं. साडेअकरावालीत त्याच जागी पांढरा जाड थर्माकोल होता, हेल्मेटच्या आत असतो तसला. स्पंज हाताला बरा वाटतो, पण टकरीत तो क्षणात चपटा होतो आणि डोकं थेट प्लॅस्टिकवर जातं. थर्माकोल चुरगळतो, आणि चुरगळताना टकरीची ऊर्जा खातो. मी तिथेच ठरवलं. दोन सीटांतल्या किमतीच्या फरकाचं एवढं ठोस कारण दुकानात क्वचित सापडतं.

दुसरी गोष्ट पाठीमागचं लेबल. नारिंगी चिठ्ठी, त्यावर वर्तुळात इंग्रजी ई आणि एक आकडा. हे युरोपातल्या आर 44 नियमाचं प्रमाणपत्र. आपल्याकडचं मानक एआयएस 072. आर 44 जुना झालाय. त्याच्या जागी आलेल्या आर 129 मध्ये बाजूने होणाऱ्या टकरीचीही चाचणी असते आणि मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत त्याला उलट्या तोंडानेच, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून, बसवावं लागतं. आपल्या बाजारात आर 44 वाल्या सीटा अजून भरपूर आहेत, आमचीही त्यातलीच. लेबलच नसलेल्या सीटा मात्र ऑनलाइन सर्रास मिळतात, 'बेबी सेफ्टी कुशन' वगैरे नावांनी. त्यांच्याबद्दल एका ओळीत सांगते: घेऊ नका.

आता बसवण्याबद्दल. पुस्तिका इंग्रजीत, चित्रं टपाल तिकिटाएवढी, मराठी-हिंदीत एक शब्द नाही. उलट्या तोंडाने बसवताना पट्टा निळ्या खुणांमधून न्यायचा, पुढे तोंड करून बसवताना लाल खुणांमधून. हे रंग बहुतेक सीटांवर असतात आणि ते फार कामाचे आहेत, पण पुस्तिका ते सांगते आठव्या पानावर. कंबरेचा पट्टा सीटच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या कड्यांखालून, खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीला वळसा घालून. छोट्या गाडीत इथेच अडचण येते, पट्टा पुरत नाही. भावाच्या गाडीत मागे डावीकडे तो कसाबसा पुरतो, रिट्रॅक्टरमध्ये, म्हणजे पट्टा गुंडाळून ठेवणाऱ्या डबीत, वीतभर शिल्लक राहतो. दुकानातून घेण्याआधी सीट गाडीत लावून बघा. दुकानदार कुरकुरला तरी.

त्याहून मोठी गोम अशी की आपल्या गाड्यांचा मागचा पट्टा हळू ओढला तर येतच राहतो. तो लॉक होतो फक्त झटका बसल्यावर: एक छोटी गोळी गाडीचा वेग एकदम बदलला की घरंगळते आणि दाता अडकवते, नाहीतर पट्टाच झपकन ओढला गेला की आतली यंत्रणा पकडते. मोठ्या माणसाला हे सोयीचं, वाकता येतं. पण सीट बांधायची म्हटली की रोजच्या खड्ड्यांत पट्टा थोडा थोडा सैल होत जातो. म्हणून सीटला स्वतःचा चिमटा हवा, जो पट्टा ताणलेला असताना घट्ट धरून ठेवतो. या सीटला तो आहे, आणि चांगला आहे. गुडघा सीटमध्ये रोवायचा, अंगाचा भार टाकायचा, पट्टा सगळा खेचायचा, आणि मग चिमटा बंद. त्यानंतर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवायचं. इंचभराहून जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून. भाऊ घाम पुसत म्हणाला, "ताई, हे तर जिमला गेल्यासारखं झालं."

मूल सीटमध्ये बसल्यावर आणखी एक बघायचं. खांद्याच्या पट्ट्या ज्या खाचांतून येतात त्या उलट्या तोंडाने बसवताना खांद्याच्या बरोबरीने किंवा जरा खाली हव्यात. आणि गळपट्टीच्या हाडाजवळ पट्टी चिमटीत धरून बघायची: दुमड येत असेल तर सैल आहे. थंडीत भाचीला स्वेटर घालून बसवायचे, तेव्हा दुमड यायचीच. स्वेटर काढा, बांधा, मग वरून शाल टाका. पुण्यात शालीवर भागतं.

बकलबद्दल आईची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. बटण फार कडक. नियमच असा आहे की ते उघडायला 40 ते 80 न्यूटन जोर लागला पाहिजे, म्हणजे साधारण 4 ते 8 किलो. त्याहून कमी असलं तर पोरगी स्वतःच उघडील. आमच्या बटणाला लागणारा जोर यातल्या वरच्या टोकाला आहे असं बोटाला वाटतं. आईच्या अंगठ्याला संधिवात. ती दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून दाबते आणि दाबताना कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. बटण थोडं रुंद असतं तर तोच जोर दोन बोटांत वाटला गेला असता. हे करायला खर्च जवळजवळ काही नाही. ज्याने डिझाइन केलं त्याच्या घरात आजी नसावी.

तिची दुसरी तक्रार जुनी आणि सगळ्या घरांतली. "आम्ही तुम्हाला मांडीवर घेऊनच हिंडलो. झालं काय?" झालं काही नाही, कारण तेव्हा आमची फियाट बोरघाटात तापून थांबायची. आता एक्सप्रेस वेवर शंभरने जातो. मी आईला आकडे सांगितले. चाचणीत ताशी 50 किलोमीटरवरून सीट थांबवतात तेव्हा 20 ते 28 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 20 ते 28 पट, इतका झटका बसतो. साडेदहा किलोची पोर त्या क्षणी 200 किलोच्या वर जाते. ती हातात धरायची? आई गप्प झाली, पण पटलं म्हणून नाही, असं मला वाटतं. तिला पटलं ते भाचीला सीटमध्ये गाढ झोपलेलं बघून.

पायांचंही तसंच. उलट्या तोंडाने बसवलेल्या दीड वर्षाच्या मुलीचे पाय मागच्या सीटच्या पाठीला टेकतात, ती ते दुमडून बसते, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस म्हणतो, "पाय मोडतील की हो!" वहिनीलाही हीच धास्ती होती. तिला आमच्याकडच्या स्लेज चाचणीबद्दल सांगितलं. स्लेजवर पूर्ण गाडी फोडत नाहीत. गाडीच्या टकरीत जसा वेग उतरतो तसाच रुळावरच्या एका सांगाड्याला देतात आणि सेकंदाला हजार चित्रं घेतात. डमीच्या, म्हणजे माणसाऐवजी बसवलेल्या बाहुल्याच्या, चेहऱ्याला रंग लावलेला असतो, डोकं कुठे आपटलं ते त्या रंगाच्या ठशावरून कळतं. पुढे तोंड केलेल्या डमीचं चित्रण हळू चालवून बघितलं की धड पट्ट्यांनी जागच्या जागी धरलेलं दिसतं आणि डोकं एकटंच पुढे जातं, मान लांबत लांबत. बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ पाव भाग, मानेचे मणके अजून काही अंशी कुर्चेचे. उलट्या तोंडाच्या डमीचं डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं. पाय मोडला तर प्लॅस्टरने बरा होतो, एवढंच वहिनीला म्हटलं. तिने पुढे विचारलं नाही.

ही उलट्या तोंडाची कल्पना स्वीडनमधली. 1960 च्या दशकात बर्टिल आल्डमान नावाच्या प्राध्यापकाने अंतराळवीरांच्या जेमिनी यानातल्या सीटा पाहून ती काढली. तिथे चार वर्षांची मुलं अजून मागे तोंड करून बसतात. आपल्या सीटच्या खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात '9 किलोपासून पुढे तोंड' असं लिहिलंय. जुन्या नियमाप्रमाणे ते बरोबर आहे, खोटं नाही. पण कित्येक मुलं वर्षाच्या आतच 9 किलोची होतात आणि आईबाप खोकं वाचून सीट फिरवतात. हीच सीट उलट्या तोंडाने 13 किलोपर्यंत चालते, ते मात्र कोपऱ्यात बारीक अक्षरात. या सीटच्या बाबतीत माझा खरा राग कशावर असेल तर तो या खोक्यावर.

बाकीचं झटपट. कापड पॉलिएस्टर, उन्हाळ्यात पाठ घामाने चिंब; कव्हर निघतं आणि मशीनमध्ये धुता येतं. एप्रिलमध्ये गाडी उन्हात असेल तर बकलचं लोखंड आधी हाताने बघा, चटका बसतो. उलट्या तोंडाने बसवल्यावर पुढची सीट बरीच पुढे सरकवावी लागते, उंच माणसाने पुढे डावीकडे बसायचा विचार सोडावा. पेल्याचा खाचा निरुपयोगी, त्यात बिस्किटांचा चुरा साठतो. पुढच्या सीटवर ही लावायचीच नाही, विशेषतः जिथे एअरबॅग आहे तिथे: एअरबॅग सेकंदाच्या शतांश भागांत फुगते आणि उलट्या सीटच्या पाठीवर नेम धरून आदळते. आणि पोलिसाचं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालचं मूल न बांधता नेल्यास हजार रुपये दंड कायद्यात आहे. तो कोणी भरलेला मी तरी पाहिला नाही.

पाचपैकी साडेतीन. थर्माकोल आणि चिमटा यांचे गुण, बकल, पुस्तिका आणि खोकं यांचे वजा. आयसोफिक्स नसलेली जुनी गाडी असेल आणि बजेट बारा हजारांच्या आत असेल तर या प्रकारातली घ्या.

वहिनीच्या माहेरी नवी गाडी आहे, तिथेही हीच घ्यावी का असं तिच्या वडिलांनी फोनवर विचारलं. मागच्या महिन्यात नगरला गेलो तेव्हा ती गाडी बघून आले होते. त्या गाडीत बकलची दांडी लांब आहे, पट्टा ताणला की बकल सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर चढून बसतं. आमच्याकडे याला बकल क्रंच म्हणतात. टकरीत बकल त्या कडेवर वाकतं आणि तुटू किंवा उघडू शकतं. "काका, ही तिथे नको," म्हटलं. "तुमच्या मागच्या सीटच्या फटीत बोट घालून बघा, दोन कड्या लागतील. त्यांत अडकणारी घ्या, पाच-सहा हजार जास्त जातील." त्यांनी फोन तसाच चालू ठेवून अंगणात जाऊन बघितलं. लागल्या म्हणाले.